लाल रेघेची दादागिरी

संगणकावर मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाने आज एक काम करावं. वर्डमध्ये 'फाइल'वर जावं, 'ऑप्शन्स' उघडावं, तिथे 'प्रूफिंग' निवडावं आणि 'चेक स्पेलिंग अ‍ॅज यू टाइप' या ओळीपुढची बरोबरची खूण काढून टाकावी. लिब्रेऑफिस वापरत असाल तर आणखी सोपं आहे. शिफ्ट आणि एफ 7 ही बटणं एकत्र दाबली की झालं. शब्दांखाली वळवळणारी लाल रेघ जाईल. मग लिहायला बसावं.

शुद्धलेखनाची चाड नाही म्हणून हे सांगत नाही, चाड आहे म्हणूनच सांगतो. तपासणी हवीच. पण ती मजकूर लिहून झाल्यावर व्हावी, आपण म्हणू तेव्हा व्हावी आणि निवाडा आपल्या हाती असावा. वाक्य अजून डोक्यात जुळत असताना कुणी खांद्यावरून वाकून बोट दाखवत राहिलं, तर ते वाक्य मोडतं. माणसाने असं केलं तर आपण त्याला खडसावतो. यंत्राचं मात्र निमूट ऐकतो.

सुरुवातीला यंत्रं अशी मध्येमध्ये बोलत नव्हती. 1961 साली एमआयटीमध्ये लेस अर्नेस्ट यांनी हस्ताक्षर ओळखणाऱ्या प्रोग्रामसाठी 10,000 इंग्रजी शब्दांची यादी संगणकात भरली. पुढे 1971 मध्ये स्टॅनफर्डला राल्फ गोरिन यांनी 'स्पेल' हा प्रोग्राम लिहिला. युनिक्सवरचा 'स्पेल' तर संशयित शब्दांची नुसती यादी काढून देई, पुढचं तुमचं तुम्ही बघा म्हणे. विचारल्याशिवाय यातलं कुणी तोंड उघडत नव्हतं. 1993 च्या वर्ड 6 मध्ये 'ऑटोकरेक्ट' आलं, म्हणजे न विचारता बदल करणं आलं. वर्ड 95 मध्ये टाइप करता करता उमटणारी लाल रेघ आली. आज ती चालू स्थितीतच हातात पडते. ती बंद करता येते हे बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं.

या रेघेचा अर्थ नीट समजून घ्या. 'हा शब्द चुकला' असं ती म्हणत नाही. 'हा शब्द माझ्या यादीत नाही' एवढंच ती म्हणते. या दोन विधानांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि मराठीत तर फारच.

'बहीण' हा शब्द घ्या. बहीण, बहिणी, बहिणीला, बहिणींना, बहिणीकडे, बहिणीकडचा, बहिणीकडच्यांना, बहिणीकडच्यांनासुद्धा. मूळ शब्दातला दीर्घ 'ही' विभक्ती लागताच ऱ्हस्व झाला आणि पुढे प्रत्ययांवर प्रत्यय चढत गेले. त्याच वेळी 'शरीर'चं 'शरीराला' होताना 'री' दीर्घच राहते, कारण तो तत्सम शब्द. एका नामाची अशी शेकड्यांनी रूपं होतात. इंग्रजीसारखी सुट्या शब्दांची यादी इथे पुरत नाही. हे ओळखून रचलेली साधनंही आहेत. लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, क्रोम यांच्यात वापरलं जाणारं 'हनस्पेल' हे लास्लो नेमेथ या हंगेरियन माणसाने केलं. हंगेरियन भाषाही मराठीसारखीच शब्दाला प्रत्यय जोडत जाते. म्हणून त्यात दोन फायली असतात: एक शब्दांची, दुसरी प्रत्यय कसे लागतात त्या नियमांची. सोय उत्तम आहे. पण ते नियम आणि ते शब्द कुणीतरी बसून भरावे लागतात. मराठीसाठी हे काम स्वयंसेवकांनी केलं, त्यांचं ऋण मोठं आहे. तरी ते काम अपुरं आहे आणि ते पुरं करायला पैसा आणि माणसं द्यायला आपण तयार नाही. अपुऱ्या यादीने पूर्ण भाषेची परीक्षा घ्यायची, हा अन्याय आहे.

एवढं करून खरी चूक सापडते का? 'मराठी भाषा गौरव दीन' लिहा. रेघ येणार नाही. 'दीन' हा शब्द बरोबरच आहे, फक्त त्याचा अर्थ गरीब, केविलवाणा असा आहे. डॉक्टरांच्या लेखात 'शीर'च्या जागी 'शिर' पडलं तरी यंत्र गप्प. तिथे रक्तवाहिनीचं डोकं झालं आणि कुणाला पत्ता नाही. सुत आणि सूत, पाणि आणि पाणी, सुर आणि सूर यांचंही तेच. दोन्ही रूपं शुद्ध, दोन्ही यादीत, आणि चूक वाक्यात दडलेली. ती वाक्य कळणाऱ्यालाच दिसते. दरम्यान 'बहिणीकडच्यांनासुद्धा' लाल होऊन बसतं. संगणकावर हिंदीचा शब्दसंग्रह लावलेला असेल तर 'मुलगी' आणि 'आणि'सुद्धा लाल. सगळं पान लाल झालं की डोळा लाल बघायचंच सोडून देतो आणि त्या गर्दीत एखादी खरी चूक खुशाल छापून येते.

पण मला सर्वांत जास्त राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा.

एका दिवाळी अंकासाठी माणदेशातल्या एका नव्या लेखिकेची कथा माझ्याकडे वाचायला आली होती. आधी तिने ती वहीत लिहिली होती आणि मग संगणकावर उतरवली होती. दोन्ही प्रती समोर होत्या. वहीत आजी नातीला म्हणते, "म्या तुला कवाच सांगितलं व्हतं, हिरीकडं जाऊ नगंस." टाइप केलेल्या प्रतीत तीच आजी म्हणते, "मी तुला केव्हाच सांगितले होते, विहिरीकडे जाऊ नकोस." पहिलं वाक्य वाचताना म्हातारीचा हात नातीच्या दंडावर आहे हे कळतं. दुसरं वाक्य कुठल्याही पाठ्यपुस्तकात खपून जाईल. बदल का केला, असं मी विचारलं. ती म्हणाली, "लाल दिसत होतं, सर. म्हटलं, चुकलं असेल."

चुकलं असेल! आजीची भाषा चुकली असेल, असं त्या मुलीला एका यादीने पटवलं. तिला कुणी रागावलं नाही, कुणी गुण कापले नाहीत. ओळीखाली रेघ उमटली आणि तिने आपणहून आजीचं तोंड बंद केलं. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी लिहिणाऱ्या किती मुलामुलींनी असंच केलं असेल, याचा हिशेब कोण ठेवणार? बोली जिवंत राहाव्यात म्हणून संमेलनांत ठराव होतात. मग त्या बोली लिहिणाऱ्या मुलांच्या पडद्यावर ही रेघ चालू ठेवून त्यांना शिकवायला कोण सांगतं?

यात नियमांचा काहीही दोष नाही. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा लेखननियम 1962 मध्ये आले, 1972 मध्ये त्यांत चारांची भर पडली आणि ते अठरा झाले. ते करणारी माणसं शहाणी होती. कुणाच्या बोलण्याचं हुबेहूब चित्रण करायचं असेल तर तो उच्चारतो तसं लिहावं, ही मुभा त्या नियमांतच आहे. कवितेत वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घाची सवलत आहे. केशवसुतांच्या आधीचं पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचं गद्य उद्धृत करताना मुळाबरहुकूम छापावं, असंही त्यांत स्पष्ट आहे. म्हणजे तुकोबांचा अभंग आजच्या शुद्धलेखनात 'सुधारणं' हीच नियमाप्रमाणे चूक. यातलं काय यंत्राला ठाऊक आहे? त्याला अठरांपैकी फार तर ऱ्हस्व-दीर्घाचे नियम शिकवता येतात. अपवादांसाठी ही ओळ कोण, कुणाला, कधी म्हणतंय हे कळावं लागतं.

रेघ निदान नुसती दाखवते. आपोआप दुरुस्ती तर हातच घालते. इंग्रजीत याचं प्रसिद्ध उदाहरण आहे. काही जुन्या शब्दसंग्रहांत 'कोऑपरेशन' हा शब्द मध्ये जोडरेघ असलेल्या रूपातच होता. जोडरेघ न देता लिहिला की यंत्र त्याजागी कॅलिफोर्नियातल्या 'क्युपर्टिनो' गावाचं नाव सुचवी. युरोपीय संघाच्या आणि संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत कागदपत्रांत 'सहकार्या'च्या जागी हे गाव छापलं गेलं आहे.

जीवशास्त्रज्ञांना याहून मोठा फटका बसला. 'मार्च 1', 'सेप्ट 2' अशी जनुकांची संक्षिप्त नावं एक्सेलमध्ये भरली की एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकी. एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांशांत या चुका आहेत, असं 2016 च्या एका पाहणीत दिसलं. शेवटी 2020 मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने नावंच बदलली. माणसाच्या जनुकांची नावं बदलली, कारण सॉफ्टवेअर आपली सवय सोडेना! हे आपोआप होणारं रूपांतर बंद करायची सोय एक्सेलमध्ये आली ती 2023 मध्ये, नावं बदलून झाल्यावर.

आपल्याकडच्या टंकलेखकांना याच जातीचा त्रास रोज होतो आणि दोष त्यांच्या बोटांवर येतो. कृतिदेव 010 हा जुना फॉन्ट घ्या. पडद्यावर देवनागरी दिसते, पण आत साठतात ती रोमन अक्षरं. 'कमल' टाइप करायला डी, ई, वाय ही बटणं दाबायची. वर्डला वाटतं, हे इंग्रजीच आहे. परिच्छेदाची सुरुवात इंग्रजीत मोठ्या अक्षराने होते, म्हणून ते छोट्या डीचा मोठा डी करतं. या फॉन्टमध्ये छोटा डी म्हणजे 'क' आणि मोठा डी म्हणजे पाय मोडलेला 'क्'. झालं, 'कमल'चं 'क्मल'. बिचारा टंकलेखक खोडतो, पुन्हा लिहितो, आणि ते पुन्हा तसंच होतं. त्यावरचा उपाय 'प्रूफिंग'मध्येच आहे. 'ऑटोकरेक्ट ऑप्शन्स' उघडून वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करणारी खूण काढा. आणि शक्य तितक्या लवकर युनिकोडवर या.

क्रोम वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. तिथल्या 'एन्हान्स्ड' तपासणीत तुम्ही टाइप केलेला मजकूर गूगलकडे जातो. पासवर्ड दाखवण्याचं बटण दाबलं असेल तर काही ठिकाणी पासवर्डसुद्धा जातो, हे 2022 मध्ये सुरक्षा-संशोधकांनी दाखवून दिलं. वकिलांनी, डॉक्टरांनी, पत्रकारांनी ही सोय आज बंद करावी. साधी तपासणी तुमच्याच संगणकावर होते, ती पुरे.

मग तपासायचं कसं? मजकूर पुरा करा. एक रात्र जाऊ द्या. कागदावर छापून मोठ्याने वाचा, 'दीन'सारख्या चुका तिथे सापडतात. अरुण फडक्यांचा 'मराठी लेखन-कोश' हाताशी ठेवा, त्यात सामान्यरूपंही दिलेली आहेत. त्यानंतर एफ 7 दाबून यंत्राला एकदा फिरू द्या. त्याच्या नजरेला बोटाची घसरण, गळालेलं अक्षर, दोनदा पडलेला काना हे चटकन दिसतं, आणि त्या कामात ते आपल्यापेक्षा सरस आहे. ते बरोबर शब्दावर अडलं तर 'अ‍ॅड टु डिक्शनरी' करून पुढे चला. तुमच्या गावाचं नाव, आडनाव, आजीचा शब्द, सगळं त्यात घाला.

आणि प्रकाशकांना, संपादकांना उघड सांगायचं आहे. 'आता संगणकावर तपासता येतं' असं म्हणून ज्या ज्या ठिकाणी मुद्रितशोधकाला घरी पाठवलं, तिथली पुस्तकं आणि पानं उघडून बघा. फर्मा छपाईला जाण्यापूर्वी ओळ न् ओळ वाचणारा, लेखकाला फोन करून "इथे शिर हवं की शीर?" विचारणारा माणूस तुम्ही पगारातून वाचवला. त्याला परत बोलवा, त्याला नीट मोबदला द्या आणि मुखपृष्ठ करणाऱ्या चित्रकाराच्या नावाशेजारी त्याचंही नाव छापा.