आठात आठ

हे काका तुमच्याही ओळखीत आहेत. कुणाचं काहीही बिघडलं की ‘बाजूला व्हा’ म्हणतात, ते. आमचे न्यू जर्सीत राहतात आणि बेसमेंटमध्ये आगगाड्या चालवतात. एचओ स्केल, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक सत्त्याऐंशांश. जेवायला बोलावतात आणि पानं मांडायच्या आत खाली नेतात.

या गाड्यांच्या इंजिनाच्या पोटात साउंड डीकोडर असतो. रुळांतून वीज आणि हुकूम एकदमच येतात. त्यातला आपल्या पत्त्याचा हुकूम ओळखून तो मोटर फिरवतो, भोंगा वाजवतो. त्याच्या स्वभावाचे आकडे ‘सीव्ही’ नावाच्या खणांत असतात. आठव्या खणात कंपनीचा क्रमांक. तो बदलत नाही, पण बऱ्याच डीकोडरांत तिथे ८ लिहिलं की स्वारी कारखान्यातून निघाली तशी होते. ध्वनिमुद्रण शाबूत, पत्ता पुन्हा ३, आणि मालकाने जागून केलेले संस्कार साफ!

काकांकडे हे एकच औषध. इंजिन गचके खातंय? आठात आठ. भोंगा बसला? आठात आठ. अहो, रूळ पुसायचा असतो नुसता! पण पुसण्यात कसली आलीय विद्वत्ता? मुलाने नोकरी सोडली, तेव्हा ‘त्याला एकदा आठात आठ करायला हवं.’ मंडळाची कमिटी भांडली, तेव्हाही तेच. साखर वाढल्यावर डॉक्टरलाच विचारलं, ‘माझं फॅक्टरी सेटिंग काय होतं?’

परवा एक इंजिन हाकेला ओ देईना. काकांचं बोट आठाकडे निघालं, तोच जिन्यावरून काकू म्हणाल्या, “अहो, एकोणीस बघितलात का?” दोन इंजिनं जोडून चालवताना सीव्ही १९ मध्ये जोडीचा पत्ता टाकतात. जोडी सुटली तरी तो पुसायचा राहतो, आणि इंजिन स्वतःच्या पत्त्यावर हलत नाही. तिथे शून्य टाकताच गाडी निघाली. “रीसेटने हेही झालंच असतं,” काका म्हणाले. झालंच असतं, म्हणून तर जास्त राग येतो.

एका इंजिनाला मात्र त्यांनी कधी आठ दाखवलेला नाही. अमेरिकन अल्को, सेंच्युरी मालिकेतलं. त्याच्या आवाजात जे २५१ जातीचं डिझेल धडधडतं, तेच आपल्या भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-२ इंजिनात होतं. पहिली खेप १९६२ साली अल्कोकडून आली, पुढची वाराणसीत बनली. काकांचे वडील दौंडला ड्रायव्हर होते. भरलेली मालगाडी यार्डातून किती सावकाश वेग घेते, त्या अंदाजाने काकांनी सीव्ही ३ बसवलाय. आवाज आठव्या नॉचपर्यंत चढताना ते बोलत नाहीत. माझ्या माहितीत ते फक्त तेव्हाच बोलत नाहीत.

तेच इंजिन गेल्या रविवारी वळणावर अडलं. भोंगा तुटक झाला, दिवा लुकलुकला. काकांनी रिमोट खाली ठेवला, चष्मा कपाळावर सारला, बनियनचा तुकडा स्पिरिटमध्ये बुडवला आणि गुडघ्यांवर बसून रूळ पुसायला घेतला. इंचाइंचाने.

“आठात आठ करू का?” काकूंनी वरून विचारलं.

“तू आमटी बघ!”