कुलूपवाले काका

नागपूरच्या अंबाझरी लेआउटमधल्या आमच्या काकांचं नाव दारावरच्या पाटीवर आहे. पण पाटीपर्यंत पोचायला फाटक, ग्रिल, दार अशी तीन कुलपं. कूलरला साखळी, स्कूटरला साखळी, अंगणातल्या नळालाही कुलूप. सिंचन खात्यातून निवृत्त, त्यामुळे पाण्याची भीती नाही. भीती फक्त चोराची.

घराच्या विम्याचं नाव काढलं की म्हणायचे, “काहून पैसे पाण्यात घालू जी?” स्कूटरचा विमा मात्र एक दिवस चुकला नाही. कारण व्हेरायटी चौकात पोलीस उभा असतो. घराचे कागद मागायला कोणी उभं राहत नाही.

२३ सप्टेंबर २०२३. मध्यरात्रीनंतर काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी घरात शिरली. तिला किल्ली लागली नाही. काका मात्र अंधारात, कमरेइतक्या पाण्यात, जुडग्यातली नेमकी किल्ली शोधत होते. शेवटी पोरांनी ग्रिल तोडली. फ्रीज तरंगला, सोफा फुगला. कूलर साखळीमुळे जागचा हलला नाही, जागीच बुडाला. स्कूटरचा विमा थर्ड पार्टीचा निघाला. म्हणजे ती नदीवर आदळली असती, तर भरपाई नदीला!

महिनाभरात काकांनी स्वतःच विमा एजंटाला बोलावलं. २०२१च्या एप्रिलपासून आलेली ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी तो समजावू लागला.

“माझं घर दीड कोटीचं,” काका छाती काढून म्हणाले.

“त्यात जमिनीचेच जास्त, काका. जमीन वाहून जात नाही. फक्त बांधकामाचा खर्च धरायचा.”

काकांनी चमच्यांसकट केलेली चौदा पानी यादी पुढे सरकवली. एजंट म्हणाला, “यादी राहू द्या. बांधकामाच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, घरातलं साधं सामान आपोआप धरलं जातं.”

“पूर?”

“आहे. आग, भूकंपही आहे.”

“अन् चोरी?” काकांचा आवाज हळवा झाला.

“आहे ना. पण पूर आल्यानंतर किंवा आग लागल्यानंतर सात दिवसांच्या आत, अन् त्याच कारणानं झालेली. एरवीच्या चोरीसाठी वेगळा विमा.”

“म्हणजे चोरानं पुराची वाट पाहायची?”

काकांनी सही केली, वेगळा विमा नाकारला आणि त्याच संध्याकाळी सीताबर्डीवरून चौथं कुलूप आणलं. उरलेल्या ३५८ दिवसांसाठी.