माहितीपटांचे थोर प्रेक्षक

स्पॅनिशच्या वर्गात टीव्हीचा धडा आला की सगळेच एकदम सुसंस्कृत होतात. ‘तुला कोणते कार्यक्रम आवडतात?’ याचं छापील उत्तर ठरलेलं: बातम्या आणि माहितीपट. विद्यार्थी निमूटपणे तेच म्हणतो आणि मार्क पदरात पाडून घेतो. गंमत म्हणजे ही थाप अस्सल स्पॅनिश आहे. आपण सरकारी ‘ला दोस’ वाहिनीवरचे माहितीपटच पाहतो, असं सांगण्याची स्पेनमध्ये जुनी रीत आहे. मग नटनट्यांच्या भानगडी चघळणारा ‘साल्वामे’ २००९ ते २०२३ दुपारी तासन्‌तास कुणासाठी चालला, देव जाणे! माहितीपटाची वेळही नेमकी जेवणानंतरची. पडद्यावर सिंह हरणामागे धावतो, सोफ्यावर प्रेक्षक घोरतो. त्याआधी त्याच वाहिनीवर निवेदक जोर्दी उर्तादो प्रश्नमंजूषा घेतात, १९९७ पासून. ते अमर आहेत, अशी सगळ्या देशात थट्टा चालते.

ही थट्टा, ही कुजबुज पुस्तकात नाही. त्यामुळे आपला गुणवंत माद्रिदच्या बारमध्ये सिंहाच्या शिकारीवर अस्खलित बोलतो. बाजूचे मात्र कुणाचा घटस्फोट झाला यावर हिरिरीनं भांडत असतात आणि त्याला वाटतं, चर्चा राजकारणाची आहे.