१२० महिन्यांचा कठडा

काठीचे गुरुजी समोर आलेल्या कुठल्याही लाकडाला आधी टिचकी मारतात, मग नखानं खरवडतात आणि शेवटी हुंगतात. ते लाकूड कुणाच्या मालकीचं आहे आणि त्यावर कोण बसलंय, हे त्यांच्या लेखी गौण. एका लग्नात त्यांनी नवरदेवाला पाटावरून उठवलं. पाट उलटा करून पाहिला, "सालीकडचं पांढरं लाकूड घातलंय," असा निकाल दिला आणि जेवायला बसले. वरपक्षाला बराच वेळ वाटत राहिलं की खोट नवऱ्या मुलात निघाली.

गुरुजी निवृत्त शिक्षक. अक्कलकुवा तालुक्यातल्या शाळांतून पोरांना पाढे शिकवण्यात हयात गेली. निवृत्तीनंतर त्यांनी काठी गावात उतारावर घर बांधलं आणि पुढे ऐसपैस ओसरी काढली. ओसरीच्या डाव्या अंगाला जमीन पुरुषभर खाली जाते. तिथं कठडा हवा, यावर घरात एकमत आहे. मतभेद आहे तो लाकडावर. म्हणजे गुरुजींचा गुरुजींशीच.

"लोखंडी पाइप लावा, अर्ध्या दिवसाचं काम," बाई म्हणतात.

"लोखंड गंजतं."

"आणि माणूस पडतो त्याचं काय?"

यावर गुरुजी उत्तर देत नाहीत. ते वही उघडतात. या वहीत झाडांच्या कुंडल्या आहेत आणि सातपुड्यातल्या एकाही झाडाची पत्रिका त्यांना धड जुळलेली नाही. साग उन्हापावसात फारसा फुगत नाही, वाकत नाही, अंगचं तेल असल्यानं त्याच्या गाभ्याच्या वाटेला वाळवीही सहसा जात नाही. "पण गाभा असला तर ना! लागवडीच्या कोवळ्या सागात गाभा किती आणि पांढरं किती?" सादडा (तिकडं देशावर त्याला ऐन म्हणतात) दणकट, पण उन्हात तडकतो. तिवस गाडीच्या चाकाला उत्तम, "पण माझा कठडा कुठं चालत जाणार आहे?" धावडा कुऱ्हाडीच्या दांड्याला. अंजन सगळ्यांत कठीण. साग घनमीटरला साधारण ६५० किलो भरतो, तर अंजन हजाराच्या वर जातो आणि पाण्यात टाकला की सरळ तळ गाठतो. गुरुजींनी तो हौदात टाकून पाहिला. बुडाला. गुरुजी खूश झाले. मिस्त्रींनी मात्र करवतीचे दात मोजून घेतले आणि पुढचे काही दिवस त्या घराकडे फिरकले नाहीत. राहिला मोह. पण मोह तोडून कठडा करावा असं काठीत नुसतं बोललं, तरी पाणी कोण देणार?

मग गुरुजी सातपुड्याबाहेर पडले, म्हणजे वहीतून. बल्लारशाचा साग २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी गेला, ही बातमी वाचून त्यांना अभिमानही वाटला आणि किंचित हेवाही. ब्रह्मदेशाकडे वळावं तर तिथल्या सरकारनं १ एप्रिल २०१४ पासून ओंडके बाहेर पाठवणंच बंद केलेलं. सुरतेचा भाचा म्हणाला, "मामा, गांधीधामला जगभरचं लाकूड उतरतं. घानाचा साग घ्या, मलेशियाचा साल घ्या." मामांनी विचारलं, ब्राझीलचं इपे मिळेल का? अमेरिकेत समुद्रकाठच्या घरांना ते लावतात, तेही पाण्यात बुडतं. भाच्यानं चौकशी करतो म्हटलं. तेवढ्यात गुरुजींच्या वाचनात आलं की नोव्हेंबर २०२४ पासून इपेच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवान्याची अट लागली. "अॅमेझॉनचं जंगल माझ्या ओसरीसाठी तोडायचं नाही," असं त्यांनी जाहीर केलं. बाई म्हणाल्या, "ब्राझीलच्या लोकांना कळवून टाका, काळजीत असतील."

गुरुजींच्या या स्वभावाचा कळस परसात आहे. देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेत लाकडाचे खुंट अर्धे जमिनीत पुरून ठेवतात आणि ते किती महिन्यांनी कुजतात, वाळवी किती खाते, ते पाहतात. सरासरी १२० महिने किंवा जास्त टिकलं तर वर्ग एक, ६० ते १२० महिने टिकलं तर वर्ग दोन, त्याखाली वर्ग तीन. हे वाचल्यावर गुरुजींनी परसात आठ खुंट पुरले आणि प्रत्येकावर खडूनं नाव घातलं. पहिल्याच पावसात नावं धुऊन गेली. बाईंनी दोन खुंटांना दोरी बांधून कपडे वाळत घातले. सागाच्या खुंटाला कुणीतरी बोकड बांधला आणि बोकडानं तो उपटला. गुरुजींनी वहीत नोंद केली : साग, बाद, कारण बोकड. बाकीच्या खुंटांचा निकाल लागायला १२० महिने लागणार. म्हणजे दहा वर्षं. कठडा तोवर थांबेल. निवृत्त माणूसही थांबेल का, हा हिशोब वहीत नाही.

मिस्त्री या सगळ्याकडे शांतपणे पाहतात. एकदा पटाशीला धार लावता लावता म्हणाले, "गुरुजी, लाकूड जातीनं कमी कुजतं, थांबलेल्या पाण्यानं जास्त. खांबाचं बूड मातीत गाडू नका, दगडावर उभं करा. वरची पट्टी जरा उतरती ठेवा, म्हणजे पाणी निथळेल. आडवं कापलेलं टोक आभाळाकडे उघडं सोडू नका, पाणी तिथूनच आत शिरतं. वर्षातून एकदा जवसाचं तेल फिरवा. मग गावठी सागसुद्धा तुमच्या नातवाला पुरेल."

गुरुजींनी हे सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, "जवस कुठलं?"

खरं तर लाकूड एकदा दारात आलंही होतं. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली अक्राणी आणि अक्कलकुव्याची ३३ गावं आली. तेव्हा लोकांनी नर्मदाकाठची घरं सुटी करून सागाचे खांब आणि तुळया नव्या वसाहतींत नेल्या. पिढ्यान्‌पिढ्या धूर खाल्लेलं, पुरतं मुरलेलं लाकूड. त्यातले उरलेले दोन खांब कुणी ओळखीच्यानं गुरुजींना देऊ केले. गुरुजींनी टिचकी मारली, खरवडलं, हुंगलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच पूर्ण समाधान दिसलं. मग त्यांनी वनखात्याचा वाहतूक परवाना आणि लाकडावरचा हातोड्याचा ठसा मागितला. तो माणूस म्हणाला, "गुरुजी, आजोबांनी घर बांधलं तेव्हा ठसा कुठला?" कागदाशिवाय गुरुजी खडूचा तुकडाही घरी नेत नसत. खांब परत गेले. आमच्या मते चूक खांबांची नव्हती आणि गुरुजींचीही नव्हती. पण ज्याचं घर गेलं त्याच्याकडे कागद मागायला हवा होता का, हे आम्ही त्यांना अजून विचारलेलं नाही.

गंमत म्हणजे गाव काठीचं. फाल्गुन पौर्णिमेच्या राजवाडी होळीला इथं उंच, सरळसोट बांबू गुजरातच्या जंगलातून खांद्यावर येतो. त्याचा खड्डा अवजाराशिवाय, हातानं खणतात. सातपुड्याच्या तिन्ही राज्यांतली माणसं रात्रभर ढोलावर नाचतात आणि पहाटे होळी पेटते. बांबू निवडणं, आणणं, उभा करणं, जाळणं, सगळं दरवर्षी वेळेवर. हे गुरुजींच्या कानावर घातलं, तर ते म्हणाले, "बांबू म्हणजे शास्त्राप्रमाणं गवत. गवतात निवडायचं काय?"

तेव्हा येत्या होळीला काठीला गेलात आणि गुरुजींकडे चहा घेतलात, तर दोन गोष्टी सांभाळा. लाकडी खुर्ची पुढं केली तर मुकाट्यानं सतरंजीवर बसा. आणि बसाल ते उजव्या अंगाला. डावीकडे सध्या बाईंनी साडीची किनार बांधली आहे, ती टेकायला नाही.