मुक्काम पोस्ट अटलांटिक

आयुष्यभर एकाच कचेरीत, एकाच टेबलावर बसलेल्या माणसाची जगात कुणी बूज राखत नाही. बढती घेऊन चंद्रपूरला गेलेले पुढे साहेब झाले. बढती नाकारून साताऱ्यातच राहिलेला मी शेवटपर्यंत 'आवक-जावक'च राहिलो. आमची कन्या बॉस्टनमध्ये दर दोन वर्षांनी नोकरी बदलते आणि वर मलाच ऐकवते, "बाबा, तुमची कधी ग्रोथच झाली नाही." म्हणूनच तिच्याच शहरात, पूर्व बॉस्टनच्या धक्क्यावर 'नँटकेट' पाहिलं आणि सख्खा भाऊ भेटल्यासारखं वाटलं.

हे लाइटशिप. म्हणजे दीपगृहच, पण जिथे पाया घालायला जमीन नाही तिथे तरंगणारं. बाकीच्या जहाजांचं काम जाणं, याचं काम न जाणं. लाल अंगावर भल्यामोठ्या पांढऱ्या अक्षरांत नाव आहे, तेही नेमणुकीच्या जागेचं. जहाजाला स्वतःचा फक्त क्रमांक : ११२. डोलकाठीवर दिवा, धुक्यासाठी कानठळ्या बसवणारा भोंगा आणि भूछत्राच्या आकाराचा अजस्र नांगर. मुख्य भूमीपासून सुमारे १०० मैलांवर, नँटकेट बेटाच्या दक्षिणेकडच्या उथळ वाळूपासून जहाजांना सावध करत ते १९३६ ते १९७५ या काळात बहुतेक वर्षं एकाच हुद्द्यावर होतं. मध्ये महायुद्धात पोर्टलंड बंदरावर प्रतिनियुक्ती झाली.

याच्या आधीच्या लाइटशिपचं नशीब वाईट. १५ मे १९३४ रोजी दाट धुक्यात, टायटॅनिकची थोरली बहीण 'ऑलिंपिक' त्याचा रेडिओ संकेत पकडून त्या रोखाने आली आणि थेट त्याच्यावरच आदळली. ११ खलाशांपैकी ७ जण गेले. भरपाईच्या ब्रिटिश पैशांतून हे नवं जहाज बांधलं, दुहेरी कवचाचं आणि अमेरिकेतल्या सगळ्या लाइटशिपांत मोठं. वाट दाखवणाऱ्याच्याच अंगावर लोक येतात, हा अनुभव आवक-जावकवाल्यालाही आहे. फक्त आमच्या टेबलाला दुहेरी कवच कुणी मंजूर केलं नाही.

खडा जिना उतरून आम्ही खलाशांच्या खोल्यांत गेलो. महिनोन्‌महिने तेच पाणी, तीच माणसं आणि तोच भोंगा. मी भारावून म्हणालो, "बघ, १९८९ साली याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला. कशाबद्दल? जागा न सोडल्याबद्दल!"

"बाबा, हे जहाज लोकांना 'इकडे फिरकू नका' असं सांगायला उभं होतं."

"मग?"

"तुमच्या टेबलाशी लोक कामं घेऊन यायचे."

मी विषय बदलला. १९८३ साली त्या जागेवरचं शेवटचं लाइटशिपही हटलं आणि तिथे बिनमाणसांचा बोया आला, हे तिला सांगितलं. माझ्याही टेबलावर आता कॉम्प्युटर आहे. बोयाला भूक नाही, रजा नाही आणि चहाला उठणं नाही.

तेवढ्यात माहिती देणाऱ्या गृहस्थांनी सांगितलं की २००९ साली हे जहाज त्यांच्या संस्थेनं एका डॉलरला घेतलं. कन्येनं व्यवहारी प्रश्न विचारला, "आणि दुरुस्तीला किती लागले?" ते खिन्न हसले आणि आकडा लाखांत गेला.

"किंमत एक डॉलर आणि देखभाल लाखोंची," कन्या म्हणाली, "हे मात्र अगदी तुमच्यासारखं. रक्तदाबाची गोळी घेतलीत का?"

माझा इथला मेडिकल इन्शुरन्स तीच भरते, म्हणून मी वाद वाढवला नाही.