अनंताला केवडा पडतो तेव्हा

सांगलीत पिवळ्या रंगाला भाव आहे. मार्केट यार्डात हळदीचे सौदे निघाले की व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघतात आणि त्यावर बोली लावतात. या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. बेदाण्याचंही तसंच, रंग बघितल्याशिवाय कुणी खिशात हात घालत नाही. अशा या गावात पिवळी असूनही कुणाला बघवत नाही अशी एकच गोष्ट आहे, आणि ती विश्रामबागेत आमच्या फाटकातून आत शिरताना डाव्या हाताला दिसते. ती म्हणजे आमच्या अनंताची पानं.

अनंत मूळचा देवरूखचा, म्हणजे माझ्या सासुरवाडीचा. सासूबाईंनी पावसाळ्यात गुटी बांधली, मुळं फुटल्यावर ती कापून ओल्या गोणपाटात गुंडाळली आणि आंबा घाट चढून एसटीनं ती सांगलीला आली. संपूर्ण प्रवासात गुटी खिडकीशी होती आणि मी उभा होतो. निघताना सासूबाई म्हणाल्या होत्या, "त्याला काही म्हणजे काही करावं लागत नाही हो. लावायचा नि विसरायचा."

देवरूखात हे अगदी खरं आहे. जांभ्याची तांबडी आंबट माती, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि न्हाणीचं पाणी जाईल तिथं ओल. तिकडं अनंत घराच्या मागं वाढतो, माणसाच्या डोक्याच्या वर जातो, आणि त्याबद्दल कुणी कुणाचं कौतुक करत नाही. इकडं सांगलीत पाऊस त्याच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास. माती काळी, चुनखडीची, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. आणि आमच्या बोअरचं पाणी असं की गीझरच्या कॉइलवर दर वर्षी पांढरी पुटं चढतात. तेच पाणी आम्ही अनंताला घालणार. त्याला अंतर्गत बिघाड झाला तर त्यात त्याचा काय दोष?

पहिल्या उन्हाळ्यातच शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी पडू लागली. शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, अगदी नकाशात नद्या दाखवाव्यात तशा. बातमी दोन दिवसांत गल्लीभर झाली.

विश्रामबागेत राहण्याचा एक तोटा आहे, तो घर घेताना कुणी सांगत नाही. विलिंग्डन महाविद्यालय १९१९ पासून आणि वालचंद अभियांत्रिकी १९४७ पासून या भागाला निवृत्त प्राध्यापकांचा अखंड पुरवठा करत आली आहेत. सकाळी फिरायला निघालेल्या या मंडळींना थांबायला काही तरी कारण लागतं. आमचा अनंत फाटकाशीच असल्यामुळं त्यांची सोय झाली.

पहिले आले ते रसायनशास्त्राचे सर. त्यांनी खिशातून सामू मोजायच्या कागदाची गुंडाळी काढली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेला माणूस सकाळच्या फेरीला ही गुंडाळी खिशात का बाळगतो, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. त्यांनी कुंडीतली माती पावसाच्या पाण्यात कालवली, कागद बुडवला, निळसर हिरवा रंग बघून मान हलवली. "आठाच्या वर आहे. अनंताला पाच-साडेपाच लागतो, फार तर सहा. तुमच्या मातीत लोह भरपूर आहे, पण या सामूला ते विरघळतच नाही. मुळं त्याच्यात उभी आहेत आणि उपाशी आहेत." मग थोडं थांबून म्हणाले, "जुनी खालची पानं पिवळी पडली असती तर मी नत्र म्हटलं असतं. वरची पडली म्हणून लोह. तोंडी परीक्षेत हा प्रश्न मी हमखास विचारायचो." उत्तर किती जणांना यायचं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

दुसरे स्थापत्यवाले. त्यांचं रसायनशास्त्रावर कधीच प्रेम नव्हतं. "सामू-बिमू ठीक आहे. पाण्याचा निचरा बघा आधी," असं म्हणून त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेवर आमच्या कुंडीचा उभा छेद काढून दिला. खाली विटांचे तुकडे, वर जाडी वाळू, मग माती, शिवाय उतार शंभरात दोन. हा आराखडा बघून माझ्या बायकोनं विचारलं, "याला महापालिकेची परवानगी लागेल का?"

तिसऱ्या आल्या त्या पलीकडच्या बंगल्यातल्या जमखंडीच्या काकू. त्यांच्याकडं सकाळ-संध्याकाळ फिल्टर कॉफी होते. अनंत हा कॉफीच्या कुळातला, हे त्यांना त्यांच्या नातीनं सांगितलेलं. झालं, रोज सकाळी भिंतीवरून कॉफीच्या चोथ्याची वाटी येऊ लागली. "आपल्या माणसांचं खाल्लेलं अंगी लागतं हो," काकू म्हणायच्या. कॉफीतला आंबटपणा बराचसा कपात उतरतो आणि चोथ्यात फारसा राहत नाही, हे रसायनवाल्या सरांनी फाटकातूनच जाहीर केलं. काकूंनी त्यांना त्यानंतर कॉफी विचारलेली नाही.

पण काकूंचं नात्याचं बोलणं खोटं नव्हतं. हे कुळ भलतं पसरलेलं आहे. कॉफी त्यातली, हिवतापाचं क्विनाइन देणारा सिंकोना त्यातला, कदंब त्यातला, मंजिष्ठा त्यातली, रानातलं गेळफळ त्यातलं, आणि बंगल्याबंगल्यात लाल झुबके मिरवणारा एक्झोराही त्यातलाच. एक्झोरालाही हाच केवडा, म्हणजे पानांचा हा पिवळेपणा, पडतो. शंभर फुटी रोडच्या दुभाजकात कुणी तो लावला तर काय होईल ते मला आत्ताच दिसतं. घराणं म्हटलं की मिरजेच्या माणसाला किराणा आठवतं, अब्दुल करीम खाँसाहेबांचं. आमच्या गल्लीत मात्र आता घराणं म्हणजे कॉफीचं. आणि या घराण्याची खोड एकच, आंबट मातीशिवाय सूर लागत नाही.

गावभागातल्या आत्यांचा मार्ग वेगळा. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा त्या देवांची पेटी घेऊन आमच्याकडं राहायला आल्या होत्या. विश्रामबाग उंचावर, त्यामुळं अर्धा गावभाग तेव्हा इकडंच होता. पूर ओसरल्यावर त्या परत गेल्या आणि पुढच्या खेपेला घमेलंभर मळी घेऊन आल्या. "कृष्णाकाठच्या वांग्यांना जी मळी चालते ती याला चालत नाही होय रे? कोण लागून गेलाय हा?" वांग्याला चालणारं अनंताला का चालत नाही, हे मी पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. आत्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि घमेलं कुंडीत रिकामं केलं.

शेवटी आला बापू. बापू माझा मावसभाऊ, मणेराजुरीकडं त्याची द्राक्षबाग आहे. तो आमच्याकडं येतो तेव्हा बाग सोडून आल्याचं दुःख त्याच्या चेहऱ्यावर असतं. त्यानं चप्पल काढायच्या आधी एक पान तोडलं, उन्हात धरलं, मागची बाजू बघितली.

"केवडा पडलाय की, दादा. आमच्या उसाला पडतोय तसलाच. बोअरचं पाणी घालताय न्हवं?"

"हो."

"मग पडणारच की. हिराकस टाकलं?"

"टाकलं. चार दिवस हिरवं झालं, परत पिवळं."

"असल्या जमिनीत नुसतं टाकल्यालं हिराकस चार दिसांत गच्च बसतंय. चिलेटेड लोह घ्या. त्यात पण ईडीटीए न्हाई, ते आपल्या सामूला टिकत न्हाई. ईडीडीएचए मागा. म्हाग हाय, पण मुळाला मिळतंय." एवढं सांगून त्यानं झाडाकडं पुन्हा एकदा बघितलं. "फळ काय लागतं याला?"

"या डबल फुलाच्या अनंताला लागत नाही. फुलं येतात."

"मार्केट?"

"नाही. देवाला घालायची. वास घ्यायचा."

बापू बराच वेळ काही बोलला नाही. एकरी खर्च मांडण्याची सवय असलेल्या माणसाला वास कुठल्या रकान्यात टाकायचा ते कळेना.

साध्या एकेरी अनंताला फळं येतात, आणि चीन-जपानात त्या फळांपासून पिवळा रंग काढतात, लोणच्याला घालतात, हे मी त्याला सांगितलं. त्यातला रंग केशरातल्या रंगाचाच, क्रोसिन. बापूच्या डोळ्यांत चमक आली. "मग तसला लावायचा की! सांगलीत पिवळं विकतंय."

वनस्पतिशास्त्रात अनंताचं नाव गार्डेनिया. अठराव्या शतकात इंग्लंडात रिचर्ड वॉर्नर नावाच्या गृहस्थानं आपल्या काचघरात तो फुलवला. त्याचं शास्त्रीय नामकरण करणाऱ्या जॉन एलिसला त्याला वॉर्नरचंच नाव द्यायचं होतं, पण वॉर्नरनं नको म्हटलं. मग तो मान अमेरिकेत चार्ल्सटनला डॉक्टरकी करणाऱ्या अलेक्झांडर गार्डनला मिळाला. म्हणजे फुलवलं एकानं आणि पाटी दुसऱ्याची. आपल्याकडं चौकांना नावं देताना वेगळं काय होतं? फक्त नको म्हणणारा वॉर्नर काही भेटत नाही.

आता आमच्या उपायांबद्दल. शेवटी मी सगळ्यांचं थोडंथोडं ऐकलं आणि एकाचंही पूर्ण ऐकलं नाही. माती सगळी काढून टाकली, आत्यांच्या मळीसकट. देवरूखहून तांबडी माती आणि कोकोपीट. निचरा स्थापत्यवाल्यांच्या आराखड्याप्रमाणं, उतार सोडून. बापूचं लोह महिन्यातून एकदा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पाणी. गच्चीवरचं पावसाचं पाणी टाकीत साठवतो. ते संपलं की बोअरच्या पाण्यात रसायनवाल्या सरांच्या हिशेबानं चिमूटभर लिंबूसत्त्व. माझं मत विचाराल तर निम्मा आजार पाण्याचा असतो, मातीला आपण उगीच नावं ठेवतो. दुपारचं मार्च-एप्रिलचं ऊन त्याला सोसत नाही, म्हणून तेवढं कडुनिंबाच्या सावलीत.

पानं हिरवी झाली, अगदी पॉलिश केल्यासारखी. कळ्या आल्या. आणि गळाल्या. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ज्या गावात सीतास्वयंवर उभं केलं, त्या गावात राहून अनंतानं नाटकं केली तर तक्रार कुणाकडं करायची? कुंडी थोडी सरकवली, कळ्या गळाल्या. एक दिवस पाणी चुकलं, गळाल्या. एक दिवस जास्त झालं, तरी गळाल्या. रात्री जरा गारवा असेल तेव्हा त्या धरतात, आणि एकदम कोरडी गरम हवा सुटली की सोडून देतात. मग मी कुंडीला हात लावायचं बंद केलं. बायकोनं कुंडीच्या पुढं खुर्ची आडवी टाकली आणि मोलकरणीला सांगितलं, "इथं झाडू मारला नाही तरी चालेल."

मृगाच्या पहिल्या सरी आल्या त्या आठवड्यात पहिली कळी टिकली. हिरवट, टोकाकडं पीळ घातलेली, एका पाकळीची कड दुसरीवर गच्च चढलेली. संध्याकाळी पीळ सैल झाला, बाहेरच्या पाकळ्या मागं वळल्या आणि आतली गर्दी मोकळी व्हायला रात्र गेली. पाकळ्या जाड, बोटाला गार लागणाऱ्या, दाबल्या की तपकिरी डाग पडणाऱ्या. दुसऱ्या दिवशी फूल सायीच्या रंगाचं झालं आणि तिसऱ्या दिवशी पिवळं. वास मात्र तिसऱ्या दिवशीही फाटकापर्यंत येत होता. सकाळची फेरी आमच्या दारात नेहमीपेक्षा जास्त वेळ रेंगाळली. दोन्ही सर श्रेय घेऊन गेले. काकूंनी त्या दिवशी वाटीऐवजी कॉफीच पाठवली, रसायनवाल्या सरांना सोडून सगळ्यांना.

बापूला एक फूल दिलं होतं. त्यानं ते शर्टाच्या खिशात ठेवलं आणि गाडीत बसून गेला. पुढच्या पावसाळ्यात न सांगता येऊन दोन गुट्या बांधून गेला, आणि नंतर कापून नेल्या. मधे बेदाण्याच्या शेडपाशी लावल्यात, ठिबक केलंय, एवढं कळलं होतं. पान-देठ परीक्षणाला पानं पाठवली होती, तिथल्या माणसानं ती कुठल्या पिकाची म्हणून फोन करून विचारलं, हेही कळलं.

परवा त्याचा फोन आला. आवाजात घाई होती.

"दादा, कळ्या लई धरल्यात. एका काडीला किती ठेवू? विरळणी करायची का? आणि जीएचं डिपिंग घेतलं तर फुगतील का वो?"