साडेसहा नंबरचा अक्षांश

चाळिशी उलटलेल्या बाईने परीक्षेला बसायचं म्हटलं की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, "कशाला?" दुसरा म्हणतो, "आता कशाला?" मी बसणार होते जीआयएसपी या अमेरिकन प्रमाणपत्राच्या परीक्षेला. कॉम्प्युटरवर नकाशे करणाऱ्यांना हे प्रमाणपत्र २००४ पासून मिळतं. आधी नुसती अनुभवाची कागदपत्रं चालायची. २०१५ पासून परीक्षाही आली. भोपाळच्या एका कचेरीत मी वर्षानुवर्षं नळांचे आणि गटारांचे नकाशे करते. गटार कुठून कुठे जातं हे मला झोपेतही सांगता येतं, पण ते कुठल्या प्रोजेक्शनमध्ये जातं, हे परीक्षेपायी नव्याने घोकावं लागलं.

प्रोजेक्शन म्हणजे मोदकाची वळलेली पारी पुन्हा पोळपाटावर सपाट करणं. कुठेतरी फाटणार, नाहीतर ताणणार. क्षेत्रफळ सांभाळलं तर आकार बिघडतो, आकार सांभाळला तर क्षेत्रफळ. यावर तोडगा म्हणून यूटीएम नावाच्या प्रोजेक्शनवाल्यांनी पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे साठ पट्टे पाडले. भोपाळ त्रेचाळिसाव्यात. पूर्वेला ७८ रेखांश ओलांडला की चव्वेचाळिसावा, आणि माझी नणंद सागरला, म्हणजे तिकडे. तिच्या घराचे आकडे चुकून आमच्या पट्ट्यात टाकले तर नणंद उत्तर गुजरातेत जाऊन पडते. करून पाहिलं. सरावासाठी दोनदा.

डेटमचा, म्हणजे मोजणीचा पाया कुठे धरायचा त्याचा, धडा मी मोठ्याने वाचत होते, तेव्हा सासूबाई मटार सोलत होत्या. लॅम्ब्टनचं नाव ऐकताच त्यांचे हात थांबले. "अगं, तो तर आमच्याकडचा!" सासूबाई हिंगणघाटच्या. मद्रासहून १८०२ मध्ये हिंदुस्थान मोजायला निघालेला विल्यम लॅम्ब्टन १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. कबरही तिथेच आहे. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टकडे आलं आणि तो मोजत मोजत पोचला आमच्या शेजारच्या विदिशा जिल्ह्यात, सिरोंजला. सिरोंजजवळचं कल्याणपूर हे देशाच्या जुन्या नकाशांचं मूळ ठाणं. आजही सॉफ्टवेअरच्या लांबलचक यादीत खाली खाली जात राहिलं की 'कल्याणपूर १९७५' भेटतं. एव्हरेस्टच्या नावाने शिखर झालं, कल्याणपूरच्या वाट्याला ड्रॉपडाउन.

"म्हणजे माहेर आणि सासर एकाच रेषेत," सासूबाई म्हणाल्या आणि पुन्हा मटारकडे वळल्या. अठ्ठ्याहत्तर रेखांशाच्या आसपास दोन्ही येतात खरी, त्यामुळे मला वादही घालता येईना.

खरा घाम फोडला तो पत्त्यांच्या प्रकरणाने. अमेरिकेत रस्त्याच्या एका बाजूला सम घरं, दुसऱ्या बाजूला विषम. शंभर ते दोनशे नंबरांच्या तुकड्यात दीडशे नंबरचं घर साधारण मधोमध असणार, असं कॉम्प्युटर बसल्या जागी ठरवतो. त्याला भोपाळ दाखवावं. इथे ५ नंबर, ६ नंबर, ७ नंबर हे बसचे स्टॉप, आणि मध्येच एक साडेसहा नंबर! चौहत्तर बंगले मोजायला जाऊ नये. जुन्या शहरात इतवारा, मंगलवारा, बुधवारा आणि जुमेराती. पुणेकराला वारांच्या पेठा नव्या नाहीत, पण कॉम्प्युटरला यात पत्ता न दिसता तारीख दिसते.

त्याच आठवड्यात सरावाचं पुस्तक मागवलं. ते घेऊन येणाऱ्या पोऱ्याचा फोन आला, "मॅडम, लोकेशन तो बड़े तालाब के अंदर दिखा रहा है।" मी त्याला दशांश अंशांत अक्षांश सांगू लागले. तो अदबीने "जी, जी" करत राहिला. शेवटी सासूबाईंनी फोन हिसकावला. "भैया, साढ़े छह नंबर आओ, मंदिर के पीछे। किसी से भी पूछ लेना, टीचर आंटी।" टीचर आंटी म्हणजे त्याच.

चहाला आधण येईतो पोऱ्या दारात.

सासूबाईंनी पुस्तक उलटसुलट करून पाहिलं. "यात हे विचारतात का गं?"

"नाही."

"मग काय विचारतात?"

मी सगळी यादी वाचून दाखवली: डेटाबेस, विश्लेषण, नकाशाची मांडणी, शेवटी व्यावसायिक नीतिमत्ता. त्या विचारात पडल्या.

"फी किती म्हणालीस?"